रस्त्याचा पंचनामा

या खेपेच्या पत्रांत सायकलचाच बोलबाला आहे. कुणी सायकलवाल्यांवर तापलंय, कुणी सायकलवरून पडलंय. नव्या वाचकांना सांगून ठेवतो: मी तेहेतीस वर्षं सांगलीत मोटार अपघाताचे दावे चालवतोय. त्याआधी खणभागात वडिलांच्या सायकल दुकानात पंक्चर काढायचो. आजही विजयनगरच्या कोर्टात सायकलनंच जातो, काळा कोट कॅरिअरवरच्या पिशवीत घडी घालून. तेव्हा मी तटस्थ आहे असा कुणी समज करून घेऊ नये. पत्रं थोडी कापली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न: मी ६८ वर्षांची निवृत्त शिक्षिका. मारुती रोडवरून भाजी घेऊन घरी येत होते. फुटपाथवर गाड्या आणि दुकानांचे बोर्ड, म्हणून खाली उतरून चालत होते. मागून तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा सायकलवरून आला आणि धडकला. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर आणि नंतरचा व्यायाम धरून अठ्ठावीस हजार गेले. मुलाचे वडील भेटायला आले ते भांडायलाच. म्हणाले, "मावशी, तुम्ही रस्त्याच्या मधनं चालता कशाला?" सायकलला ब्रेकच नव्हते असं शेजारचा पानपट्टीवाला सांगतो. भरपाई मिळेल का? (गावभाग)

बाई, आधी वाईट बातमी. त्या पोराच्या सायकलऐवजी एखाद्या मोपेडनं तुम्हाला पाडलं असतं, तर माझं काम सोपं होतं. मोपेड हे मोटार वाहन. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं तिला विमा सक्तीचा, आणि दावा अपघात न्यायाधिकरणापुढं. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १६४ तर चूक कुणाची हेही सिद्ध करायला लावत नाही. मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. हाड मोडणं ही कायद्याच्या हिशेबात गंभीर दुखापतच. पण सायकल मोटार वाहन नाही. तिला विमा नाही, आणि न्यायाधिकरण तिचा दावा घेत नाही. तुमची वाट साध्या दिवाणी कोर्टातून जाते, आणि अठ्ठावीस हजारांसाठी तिथं वर्षानुवर्षं हेलपाटे घाला असं मी तरी सांगणार नाही.

पोलिसांत जायचं? बेदरकारपणे वाहन हाकण्याचं कलम आता भारतीय न्याय संहितेत २८१ आहे. ते 'कोणतंही वाहन' म्हणतं, म्हणजे सायकलही त्यात बसते. पण समोर तेरा वर्षांचं पोर आहे. तुम्ही आयुष्यभर असल्या पोरांना वर्गाबाहेर उभं केलंत, चौकीत नाही. तिकडं जाऊ नका.

आता त्याच्या वडिलांकडं वळू. पोरानं धडक दिली म्हणून बापाच्या अंगावर आपोआप देणं येत नाही. बापाचा स्वतःचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो. इथं तो आहे. सायकलच्या ब्रेकचं रबर एका दिवसात जात नाही. ते झिजत जातं, मग आतलं लोखंड रिमवर घासायला लागतं आणि पाटीवर उलटी पेन्सिल ओढल्यासारखा चिरका आवाज येतो. आठ-पंधरा दिवस तो आवाज रोज त्या घराच्या दारात येऊन थांबत असणार. माझे वडील दुरुस्तीला आलेली सायकल परत देताना हँडल उचलून पुढचं चाक जोरात फिरवायचे आणि ब्रेक दाबायचे. चाक जागच्या जागी नाही थांबलं तर सायकल परत आत. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, मी फक्त पंक्चर काढायला आणली होती." वडील म्हणायचे, "मग पंक्चरचेच पैसे द्या." रबरांच्या जोडीला आजही दोन-तीन चहांपेक्षा फार जास्त पडत नाही. पानपट्टीवाल्यानं ब्रेक नसलेली सायकल स्वतः बघितली असेल, तर त्याचा शब्द तुमच्या कामाचा आहे. त्याच्याशी आत्ताच बोलून ठेवा. महिन्या-दोन महिन्यांनी माणसं विसरत नाहीत, पण त्यांना दुसऱ्याच्या भांडणाचा कंटाळा येतो.

तुमचं पत्र वाचून मंगळवारी सकाळी अकराला मी टेप घेऊन मारुती रोडला गेलो. ही जुनी खोड. अपघाताच्या पंचनाम्यात 'डांबरी रस्ता, रुंदी अमुक' असं लिहिलेलं असतं, पण त्यातला किती रस्ता माणसाला चालायला मोकळा होता हे कुणी लिहीत नाही. तुम्ही सांगितलेल्या जागी दुकानाच्या तीन पायऱ्या फुटपाथवर उतरल्यात. त्यांच्यापुढं लोखंडी स्टँडवरचा फ्लेक्स. त्याला खेटून चार दुचाकी डबल स्टँडला, हँडल फुटपाथकडं. मधे पाण्याचे दोन जार, एकावर एक. पायरीच्या टोकापासून पहिल्या हँडलपर्यंत मोकळी जागा भरली ६२ सेंटिमीटर. माझ्या खांद्यांनाच पन्नासच्या आसपास लागतात. दोन्ही हातांत पिशव्या असलेली बाई त्यातून जायची तर तिला खेकड्यासारखं आडवं चालावं लागेल. इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ पासून रस्ते कसे बांधावेत याचे कोड काढणारी संस्था. तिच्या पादचाऱ्यांसाठीच्या कोडात किमान मोकळी रुंदी १.८ मीटर आहे, म्हणजे समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांना न घासता जातील इतकी. टेप गुंडाळताना दुकानातून आवाज आला, "साहेब, पालिकेचे काय?" नाही म्हटल्यावर तो पुन्हा आपल्या हिशेबाला लागला.

म्हणजे 'मधनं चालता कशाला' याचं उत्तर, बाई, तुमच्याकडं नाही. ते पायरीवाल्याकडं, फ्लेक्सवाल्याकडं आणि त्या चार दुचाकीवाल्यांकडं आहे. तुमचं आणि त्या बापलेकांचं भांडण झालं तेव्हा यातलं कुणीही तिथं उभं नव्हतं. फ्लेक्स होता, पण तो काय बोलणार? तेहेतीस वर्षांत मी हेच बघतोय. धडकणारे दोघं एकमेकांच्या गळपट्टीला धरतात, आणि ज्यानं जागा खाल्ली तो दावा मिटेपर्यंत कागदावर येत नाही. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चालायला नीट फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मारुती रोडवर अजून तरी तो हक्क ६२ सेंटिमीटरचा आहे.

करायचं काय ते सांगतो. औषधांची बिलं, एक्स-रे आणि प्लास्टरच्या कागदांच्या झेरॉक्स जोडून त्या वडिलांना साध्या भाषेत एक पत्र पाठवा. वकिलाची नोटीस नको. नोटीस गेली की त्यांनाही वकील लागतो. निम्मा खर्च द्या आणि ब्रेक बसवून सायकल मला दाखवा, एवढंच मागा. नाहीच ऐकलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज करा. लोकअदालतीत ठेवतात. तिथं बायकांना मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. हे फार बायकांना माहीत नसतं.

आणि एक. फुटपाथ नसेल तिथं रस्त्याच्या उजव्या कडेनं चाला, समोरून येणारी गाडी दिसेल अशा. आपल्याला शाळेत 'डावीकडून चाला' असं घोकवलं, तुम्हीही पोरांकडून घोकून घेतलं असेल. पण ते वाहनांसाठी. पायी चालणाऱ्याला मागून येणारं दिसायला डोळे नाहीत.

प्रश्न: रोज सकाळी सहाला कारनं मिरजेला ड्युटीवर जातो. विलिंग्डन कॉलेजच्या पुढं दहा-बारा सायकलवाल्यांचा घोळका असतो, तीन-तीन जण शेजारी, गप्पा मारत. हॉर्न दिला तर हातवारे करतात. यांना लायसन नाही, पासिंग नाही, नंबरप्लेट नाही, टॅक्स नाही. मी गाडी घेतानाच लाखभर टॅक्स भरलाय. मग रस्ता नक्की कुणाचा? (विश्रामबाग)

तीन-तीन जण शेजारी चालवणं चूकच. दोघंही पुष्कळ झाले, आणि मागं गाडी आली की एकामागं एक. कानात बोंडं घालून गाणी ऐकत चालवणारे तर मला मुळीच आवडत नाहीत. सायकलवर कान हा तिसरा आरसा असतो. एवढं तुमच्या बाजूनं.

आता टॅक्सचं. तुम्ही भरलेला मोटार टॅक्स राज्याच्या तिजोरीत जातो. गावातले रस्ते बऱ्याच अंशी घरपट्टी आणि सरकारी निधीतून होतात, आणि ती घरपट्टी सायकलवालाही भरतो, आणि पायी चालणाऱ्या गावभागातल्या बाईही. बरं, टॅक्सच्या पावतीप्रमाणं रस्ता वाटायचाच ठरला तर सगळ्यात रुंद पट्टा दहा चाकी ट्रकवाल्याचा. मग कारनं त्याच्या मागं गप्प चालायचं. चालेल?

मला तुमच्या पत्रात दुसरंच खटकलं. सायकलवाला म्हटलं की तुम्हाला रंगीत टी-शर्ट आणि लाखाची सायकल दिसते. ती मंडळी सातला घरी जाऊन पोहे खातात. त्याच रस्त्यावर पावणेआठला कुपवाडच्या एमआयडीसीकडं निघालेला माणूस असतो, हँडलला जेवणाचा डबा, मागच्या मडगार्डवर लाल रंगाचा एक टिकला, तोही अर्धा निघालेला. तो हातवारे करत नाही. हॉर्न वाजला की घाबरून खडीत उतरतो. माझ्याकडं दावे येतात ते त्याच्या घरच्यांचे. आणि खरं सांगायचं तर त्यातले जास्तीत जास्त गावातले नसतातच. हंगामात माधवनगरच्या बाजूला रात्री ऊस भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, उसाची टोकं दोन हात बाहेर आलेली. त्याच्यावर सायकलवाला जातो. पुन्हा तेच, जागा खाणारा तिसराच.

तो घोळका मधे का सरकतो, हेही एकदा गाडी बाजूला घेऊन बघा. डाव्या कडेला वाळू, चेंबरचं बसलेलं झाकण, मग उभा टेम्पो, मग पुन्हा वाळू. अरुंद टायरचं पुढचं चाक वाळूत गेलं की सायकल हाताबाहेर जाते. म्हणून सायकलवाला कडेपासून दोन-अडीच हात आत चालवतो. तो तुम्हाला अडवत नसतो, पडायचं टाळत असतो. ओलांडताना एक हात लांब केल्याइतकं आणि वर थोडं अंतर ठेवा. तेवढं मिळत नसेल तर मिळेपर्यंत मागं थांबा. सांगली-मिरज अंतर असं कितीसं आहे? दोन-तीनदा असं थांबलात तरी मिनिट-दीड मिनिट जाईल.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं २०२२ चे आकडे काढले होते. देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी. म्हणजे पाच मेलेल्यांत साधारण एकाकडं ना लायसन होतं, ना नंबरप्लेट, ना सीट-बेल्ट.

मी स्वतः साधू नाही हेही सांगतो. पावसाळ्यात मी मुलाची कार घेऊन जातो. गेल्या जुलैत राम मंदिर चौकात एका म्हाताऱ्या सायकलवाल्याच्या मागं मी एवढा लांब हॉर्न वाजवला की शेजारी बसलेली आमची मंडळी म्हणाली, "तुमच्या कोटाची पिशवी आज घरी राहिली वाटतं." त्याच चौकात मी रोज सायकलवरून गाडीवाल्यांना शिव्या देत जातो.

प्रश्न: सर, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवरून सायकलनं ये-जा करते. मागच्या आठवड्यात कॉलेज कॉर्नरजवळ उभ्या कारचं दार अचानक उघडलं. मी दारावर आपटून पडले, हनुवटीला पाच टाके, एक दात हलतोय. गाडीतले काका चांगले वाटले, पाचशे रुपये दिले आणि 'सगळं ओके आहे' असा मेसेज मोबाईलवर मागून घेतला. गाडी तर उभी होती. मग हा अपघात धरतात का? (सांगली)

धरतात, पोरी. कायद्यात शब्द आहे मोटार वाहनाचा 'वापर'. गाडी चालतीच पाहिजे असं नाही. पुणे-बेंगळुरू महामार्गावर एक पेट्रोलचा टँकर उलटून पडला होता. पेट्रोल गळत राहिलं, बघ्यांची आणि गोळा करणाऱ्यांची गर्दी झाली आणि काही तासांनी स्फोट होऊन माणसं गेली. विमा कंपनीचं म्हणणं, टँकर पडलेला होता, वापरात कुठं होता? १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं आणि 'वापर' या शब्दाचा अर्थ मोठा केला. आम्ही लोक तो निकाल अजून रोजच्या भाकरीसारखा वापरतो. उघडलेलं दार त्यात आरामात बसतं.

काका चांगले वाटले असतील, पण चांगल्या माणसानं टाके घालायला सोबत जायचं असतं, मेसेज मागायचा नसतो. कलम १३४ प्रमाणं जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे गाडीवाल्याचं काम. हनुवटीतून रक्त गळत असताना टाईप केलेल्या 'ओके'ला कुणी तडजोड समजत नाही, त्याची काळजी करू नको. गाडीचा नंबर आहे ना? टाके घातले तिथून अपघाताची नोंद असलेला कागद घे, दाताच्या डॉक्टरांकडून खर्चाचा अंदाज लिहून घे, पोलिसांत तक्रार दे. दाव्याला कायद्यानं सहा महिन्यांची मुदत घातली आहे, परीक्षा संपल्यावर बघू म्हणू नको. आणि घरी सांग. पत्रात तू ते सांगितलंस असं कुठं दिसत नाही.

गाडीवाल्यांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. दार दाराकडच्या हातानं उघडू नका, लांबच्या हातानं उघडा. उजवीकडं बसलेल्या ड्रायव्हरनं डावा हात न्यायचा. तसं केलं की खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि मागचा रस्ता न बघता दार उघडताच येत नाही. नेदरलँड्समध्ये गाडी शिकवतानाच ही सवय लावतात. घरात बसल्या बसल्या खुर्चीवर करून बघा, आठवड्यात हात बसेल. पोरी, तू मात्र उभ्या गाड्यांच्या रांगेपासून एका दाराइतकी लांब चालवत जा. मागच्यानं हॉर्न वाजवला तर वाजवू दे.

प्रश्न: वकीलसाहेब, मी बाईकवरून घरोघरी जेवण पोचवतो. रात्री साडेनऊला शंभर फुटी रोडला दुरुस्तीला लावलेल्या गाड्यांच्या मधून एक आजोबा अचानक पुढं आले. माझा स्पीड चाळीस असेल. ब्रेक मारला पण लागलेच. मी थांबलो, त्यांना उचलायला गेलो तर लोकांनी मलाच मारलं. आजोबांच्या मांडीचं हाड मोडलंय. मित्र म्हणतात, पळून गेला असतास तर बरं झालं असतं. खरं काय? (सांगली)

मित्र बदल. बाकी नंतर.

तू थांबलास म्हणून आजोबांच्या दाव्यात तुझ्या गाडीचा विमा उभा राहतो. पळून गेला असतास आणि गाडी सापडली नसती, तर कलम १६१ प्रमाणं त्यांना सरकारी योजनेतून ठरलेले पन्नास हजार मिळाले असते, मृत्यू झाला असता तर घरच्यांना दोन लाख, बस. आणि गाडी सापडली असती, म्हणजे आजकाल चौकाचौकातल्या कॅमेऱ्यांमुळं सापडतेच, तर पळून जाणं हा तुझ्याविरुद्धचा सगळ्यात मोठा मुद्दा झाला असता. लोक मारायला उठले तर थांबलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. उपचाराची जबाबदारी सांगणाऱ्या त्याच कलम १३४ मध्ये जमावाच्या क्षोभाची सवलत आहे. अशा वेळी सरळ जवळचं पोलीस ठाणं गाठायचं आणि तिथून ॲम्ब्युलन्सला फोन करायचा.

मारणाऱ्यांचं मला नवल वाटतं. चौघांना तुझी कॉलर धरता आली, आजोबांचे पाय धरून रिक्षात घालता आले नाहीत. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस छळतील ही भीती आता धरायचं कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीत १३४-अ आलं, ते मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

पण तुझीही चूक आहे आणि ती स्पीडमध्ये आहे. चाळीस हा आकडा ऐकायला लहान वाटतो. चाळीसला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. माणूस दिसला, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद धर. तेवढ्यात तू एका अख्ख्या एसटी बसच्या लांबीइतका पुढं गेलेला असतोस आणि ब्रेक अजून लागायचाच असतो. पंचविसाला तेच अंतर सात मीटर होतं. ज्या रस्त्याच्या कडेला गाड्या दाटीनं लावलेल्या असतात, तिथं दर दोन गाड्यांच्या फटीत एक माणूस उभा आहे असं धरूनच चालवायची. जेवण तीस मिनिटांत पोचवायचं बंधन तुझ्या डोक्यावर असतं, हे मला कळतं. ते बंधन घालणारा मात्र त्या रात्री शंभर फुटीला नव्हता, तशाच त्या दुरुस्तीला लावलेल्या गाड्यांचे मालकही नव्हते. मार मात्र एकट्या तुला पडला.

पॉलिसी काढून बघ. ती खासगी वापराची असेल आणि गाडी धंद्यासाठी चालत असेल तर कंपनी हात वर करायला बघते. तसं असेल तर दाव्याची नोटीस आल्याबरोबर वकील गाठ, कोर्टाची तारीख चुकवू नको. आणि आजोबांना भेटून ये. काही कबूल करायचं नाही, कागदावर सही करायची नाही, नुसती चौकशी करायची. जाताना मोसंबी घेऊन जा.

प्रश्न: मुलगा चौदा वर्षांचा आहे, क्लासला जायला इलेक्ट्रिक गाडी मागतोय. दुकानदार म्हणतो लायसन लागत नाही. घेऊ का? (मिरज)

मोटरची ताकद २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर ती कायद्यानं मोटार वाहन धरत नाहीत, म्हणून लायसन नाही. दुकानदाराला विचारा, हे दोन आकडे बिलावर लिहून देता का. पुष्कळ ठिकाणी वेग वाढवून देण्याची 'सोय' असते, ती घेतली की गाडी मोटार वाहन झाली. मग चौदा वर्षांच्या मुलाच्या हातून काही झालं तर कलम १९९-अ खाली तुम्हाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. त्याला साधी सायकल घ्या. मिरज सपाट आहे.

प्रश्न: सिव्हिल हॉस्पिटलसमोर रात्रंदिवस हॉर्न चालू असतो. याला नियम नाही का? (सांगली)

आहे. दवाखाना, शाळा-कॉलेज आणि कोर्टाभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र धरता येतं, तिथं हॉर्न वाजवायचा नाही. बाकी वस्तीतही रात्री दहा ते सकाळी सहा हॉर्न बंद, जिवावरचा प्रसंग सोडून. कोर्टाच्या दारातच मला रोज सकाळी तीन-चार हॉर्न ऐकू येतात. त्यातला एखादा वकिलाचाही असतो.

प्रश्न: सायकलला घंटी लावावीच का? तोंडानं 'ओ बाजू' म्हटलं तर लोक जास्त लवकर सरकतात, असा माझा अनुभव. (माधवनगर)

लावा. 'ओ बाजू' ऐकलं की माणूस आधी मागं वळून बघतो, कोण ओरडलं ते. वळताना त्याचं पाऊल तुमच्याच बाजूला पडतं, आणि तो नेमका तिकडं सरकतो जिकडून तुम्ही जाणार होता. घंटीच्या आवाजाला माणूस बघत नाही, नुसता कडेला होतो. वडिलांच्या दुकानासमोरून मी हे हजारदा बघितलंय. त्या काळी पालिकेचा बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा डबल सीट बसवली तरी हवालदार सायकल धरायचा. एकदा वडिलांचीच धरली होती, मागं मी बसलो होतो म्हणून. दंड भरला, मला उतरवलं, आणि पुढच्या बोळातून वळल्यावर पुन्हा बसवलं.

घंटी घेताना पितळी झाकणाची घ्या. दूरपर्यंत जाते आणि कर्कश नसते. गर्दीत पंधरा-वीस पावलं आधीच एकदा वाजवायची, अगदी पाठीमागं जाऊन नाही. तशी वाजवली की म्हातारी माणसं दचकून उडी मारतात, तीही चुकीच्या दिशेला. पावसाळ्यात आतलं चक्र गंजून घंटी मुकी होते. वरचं झाकण आट्यावर फिरवून काढा, चक्राच्या कण्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा आणि खटका आठ-दहा वेळा दाबा. खोबरेल लावू नका. थंडीत ते गोठतं, त्यावर धूळ बसते आणि चक्र पुन्हा अडकतं.